१७ रुपये ७० पैसे



१४ एप्रिलच्या कार्यक्रमात एक गोष्ट हमखास सांगितली जाते. बाबासाहेबांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लिहिला, पुढे हिल्टन यंग आयोगापुढे चलनाच्या प्रश्नावर साक्ष दिली, आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. वक्ता हे सांगतो, टाळ्या पडतात. अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट आहे. पण त्याच मंडपात मागच्या सतरंजीवर बसलेल्या बाईच्या पासबुकातून त्याच महिन्यात दोनशे छत्तीस रुपये कटलेले असतात. का कटले, कोणत्या नियमाने कटले, ते परत मिळतात का, हे तिला कोणी सांगत नाही. ज्या रिझर्व्ह बँकेचं श्रेय आपण बाबासाहेबांना देतो, तिचेच या बाईच्या बाजूचे नियम अस्तित्वात आहेत. ते आपण वाचायचे नाहीत तर कोणी वाचायचे?

आम्ही मुकुटबनला राहतो. यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, झरी-जामणी तालुक्यात. पलीकडे तेलंगणा. कापूस वेचणारे, कोळशाच्या आणि सिमेंटच्या कामावर ठेकेदाराच्या हजेरीवर जाणारे, आणि आजूबाजूच्या पोडांवरून येणारे कोलाम बांधव, असा इथला खातेदार. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही चारपाच जण विहारात बसतो आणि लोकांची पासबुकं वाचून देतो. कामाचं नाव काही ठेवलेलं नाही. लोकच म्हणतात, "पासबुक दाखवाले चाललो."

पासबुक हातात घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पैसे काऊन कटले जी?"

उत्तर बहुतेक वेळा त्या ओळीतच लिहिलेलं असतं, फक्त ते वाचता येणार नाही अशा भाषेत. एएमसी म्हणजे कार्डाचं वर्षाचं भाडं. एसएमएस चार्ज म्हणजे मोबाइलवर येणाऱ्या संदेशाचे पैसे. मिन बॅल म्हणजे खात्यात ठरलेली रक्कम ठेवली नाही म्हणून दंड. रिटर्न चार्ज म्हणजे बचत गटाच्या किंवा फायनान्सच्या कर्जाचा हप्ता कटायला आला आणि खात्यात पैसे नव्हते. या प्रत्येकावर वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे कार्डाचं भाडं २०० रुपये असेल तर कटतात २३६. गरिबाने गरीब असल्याचा दंड भरायचा आणि त्या दंडावर सरकारला करही द्यायचा, अशी ही सोय.

कोणी म्हणेल, शे-दोनशे रुपयांसाठी एवढा लेख कशाला? त्याचं उत्तर देण्याआधी एका खऱ्या प्रकरणाचा हिशोब मांडतो.

मुंबईच्या आयआयटीत संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशिष दास यांनी गरिबांच्या शून्य शिल्लक खात्यांवर बँका काय आकारतात याचा अभ्यास केला. त्यात समोर आलं की देशातली सगळ्यात मोठी बँक, म्हणजे स्टेट बँक, अशा खात्यातून महिन्यात चारपेक्षा जास्त वेळा पैसे काढले तर पुढच्या प्रत्येक व्यवहाराला १७ रुपये ७० पैसे कापत होती. १५ रुपये आकार, २ रुपये ७० पैसे जीएसटी. आणि ही कापणी फक्त रोख काढण्यावर नव्हती, यूपीआयने किराण्याचे पन्नास रुपये दिले तरी होती. एकीकडे सरकार सांगत होतं की रोख सोडा, मोबाइलने पैसे द्या. ज्याने ते ऐकलं त्याच्या खात्यातून १७ रुपये ७० पैसे गेले. २०१५ ते २०२० या काळात सुमारे १२ कोटी खात्यांतून अशी ३०० कोटींहून जास्त रक्कम गोळा झाली, असं त्या अभ्यासात मांडलेलं आहे.

मग ३० ऑगस्ट २०२० रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढलं, की १ जानेवारी २०२० पासून अशा डिजिटल व्यवहारांवर घेतलेले पैसे परत करा. बँकेने सुमारे ९० कोटी परत केले. त्याआधीच्या काळातले अंदाजे १६४ कोटी परत केलेले नाहीत, हे २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये दास यांच्याच दुसऱ्या अहवालातून बाहेर आलं.

आता बघा. १७ रुपये ७० पैशांसाठी कोण भांडायला जाईल? पोडावरून मुकुटबनला यायचं म्हटलं तर ऑटोचं भाडं त्याहून जास्त. त्यात दिवसाची मजुरी बुडते. वेचणीच्या दिवसांत तर कोणी येणारच नाही. एकट्या माणसासाठी भांडण नेहमी तोट्याचं ठरावं, इतकीच ती रक्कम लहान आहे. बँकेच्या बाजूने मात्र तीच रक्कम कोट्यवधी खात्यांनी गुणली जाते. पासबुकाचा प्रश्न एकट्याने सुटत नाही, तो वस्तीने मिळून हाती घ्यावा लागतो, तो यामुळे.

किमान शिलकीच्या दंडाचंही तेच. स्टेट बँकेने एप्रिल २०१७ मध्ये तो दंड पुन्हा सुरू केला आणि पहिल्या आठ महिन्यांत १,७७१ कोटी रुपये जमा केले. बोंबाबोंब झाली, आणि मार्च २०२० मध्ये तिने तो रद्द केला. पण बाकीच्या सरकारी बँका घेतच राहिल्या. जुलै २०२४ मध्ये लोकसभेत सरकारनेच आकडा दिला, की पाच वर्षांत सरकारी बँकांनी या दंडातून ८,४९५ कोटी रुपये मिळवले. २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, इंडियन बँक, बँक ऑफ बडोदा अशा काहींनी तो सोडला. याच दहा वर्षांच्या आसपास, २०१४-१५ ते २०२३-२४ मध्ये, बँकांनी १६ लाख ३५ हजार कोटींची थकीत कर्जं निर्लेखित केली. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालू राहते, हे आम्हाला ठाऊक आहे. आपल्या भाषणांत हा फरक पुसला जातो आणि समोरचा माणूस तिथेच आपल्याला पकडतो. तरी पण मोठ्या थकबाकीदाराला वर्षानुवर्षं मुदत आणि पोडावरच्या बाईला रात्रीतून कपात, हा फरक तर पुसता येत नाही ना?

आता नियम काय सांगतात ते.

रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये 'मूलभूत बचत ठेव खातं' आणलं. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला बीएसबीडीए म्हणतात. लोक त्याला झिरो बॅलन्स किंवा जनधन म्हणतात. जनधन २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं आणि ते याच जातीचं खातं आहे. (जात हा शब्द इथे वापरावा लागतो याचंही हसू येतं.) यात शिल्लक ठेवायचं बंधन नाही. पैसे भरण्यावर मर्यादा नाही. महिन्यात किमान चार वेळा पैसे काढणं फुकट. एटीएम कार्ड फुकट, त्याचं वर्षाचं भाडंही नाही. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या निर्देशांत पासबुक, वर्षाला २५ पानांचं चेकबुक आणि मोबाइल बँकिंगही फुकटात धरलं आहे, आणि यूपीआयसारखे व्यवहार त्या चारांत मोजायचे नाहीत असं स्पष्ट केलं आहे. म्हणजे १७ रुपये ७० पैशांवरचा वाद नियमाच्या पातळीवर तरी संपला.

मुख्य मुद्दा हा की हे खातं कोणालाही मिळतं. त्याला वयाची किंवा उत्पन्नाची अट नाही. दारिद्र्यरेषेचं कार्ड लागत नाही. आणि तुमचं आधीच साधं बचत खातं असेल तर लेखी अर्ज देऊन तेच मूलभूत खात्यात बदलून घेता येतं, खाते क्रमांक घेऊन नव्याने धावपळ करायची गरज नाही. अट अशी, त्या बँकेत तुमचं दुसरं बचत खातं असता कामा नये.

काउंटरवर हे सांगितलं की काय ऐकायला मिळतं, ते आमच्याकडच्या एका पोरीला ऐकावं लागलं. ती अकरावीत आहे. "झिरो बॅलन्स आता बंद झालं," असं तिला सांगितलं. दुसऱ्या वेळी, "ते तुमच्यासाठी नाही, ते गरिबांसाठी असते." तिची आई कापूस वेचते. बँकेचं नाव आम्ही घेत नाही, आणि त्या काउंटरवरच्या माणसावर आमचा रागही नाही. दोन माणसांत चार माणसांचं काम ओढणारा तो, त्याच्यावर साधी खाती आणि विमे उघडण्याचं टार्गेट. पण "तुमच्यासाठी नाही" हे वाक्य आपल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाणवठ्यापासून ऐकलेलं आहे, त्यामुळे ते कानाला वेगळं लागतं. त्या पोरीने तोंडी वाद घातला नाही. अर्ज लिहिला, दोन प्रती केल्या, एकीवर पोहोच मागितली. पोहोच मागताच साहेबांनी तिला बसायला सांगितलं. खातं पंधरवड्यात बदललं.

तिच्यासाठी ही गोष्ट किती पैशांची होती? अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत अकरावी-बारावीच्या, घरून जाऊन-येऊन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला निर्वाह भत्ता मिळतो वर्षाला २,५०० रुपये. त्यातून कार्डाचे २३६ गेले म्हणजे जवळजवळ दहावा भाग गेला. त्यावर संदेशाचे पैसे, त्यावर एखादा दंड. शिष्यवृत्ती वाढवा म्हणून आपण मोर्चे काढतो आणि काढलेच पाहिजेत. पण मिळालेली शिष्यवृत्ती मागच्या दाराने गळत असेल तर तिकडेही कोणीतरी उभं राहायला हवं.

शिष्यवृत्तीच्या खात्याबद्दल आणखी दोन गोष्टी पोरांना सांगून ठेवतो. शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, खात्यात वर्ष-दोन वर्षं काही हालचाल होत नाही, आणि मग बँक म्हणते खातं निष्क्रिय झालं. १ एप्रिल २०२४ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार शिष्यवृत्ती किंवा सरकारी अनुदानासाठी उघडलेलं शून्य शिलकीचं खातं दोन वर्षं वापर नसला तरी निष्क्रिय ठरवायचं नाही. आणि कुठलंही निष्क्रिय खातं पुन्हा सुरू करायला पैसे घेता येत नाहीत, त्यात किमान शिलकीचा दंडही लावता येत नाही. दुसरी गोष्ट 'छोट्या खात्या'ची. पुरेशी कागदपत्रं न घेता उघडलेलं खातं असेल तर त्यात एका वेळी ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक राहू शकत नाही, वर्षात १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही, महिन्यात १० हजारांपेक्षा जास्त काढता येत नाही. नर्सिंगला किंवा इंजिनिअरिंगला गेलेल्या पोराच्या फीची रक्कम अशा खात्यावर आली की अडकते, आणि दोष महाडीबीटीला दिला जातो. आधार आणि पॅन देऊन केवायसी पूर्ण केली की ही मर्यादा उठते, खातं मात्र शून्य शिलकीचंच राहतं. "केवायसी केली की झिरो बॅलन्स जाते" हा गैरसमज आमच्याकडे फार पसरलेला आहे.

कारखान्यावरच्या पोरांची अडचण वेगळी. मुकुटबनचा सिमेंट कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला. अशा ठिकाणी ठेकेदार सांगेल त्या बँकेत पगार खातं उघडलं जातं. पगार खात्याला किमान शिलकीची अट नसते, म्हणून सगळे निश्चिंत. ठेकेदार बदलतो, नवा दुसऱ्या बँकेत खातं उघडायला लावतो. जुन्या खात्यात तीन महिने पगार पडला नाही की बऱ्याच बँका ते साध्या बचत खात्यात टाकतात, आणि तिथून दंड सुरू. एका भावाकडे अशी तीन बँकांची तीन कार्डं निघाली. तिन्हींचं भाडं चालू होतं. काम सुटलं की त्याच महिन्यात जुनं खातं बंद करा किंवा मूलभूत खात्यात बदला. पण बंद करण्याआधी आपलं आधार कोणत्या बँकेला जोडलेलं आहे ते बघून घ्या, कारण सरकारी पैसा तिकडेच जातो. ज्या खात्यात बहिणीची, आईची किंवा आपली रक्कम येते तेच बंद करून बसलात तर २३६ वाचतील आणि हजारो अडकतील.

किमान शिलकीचा दंड लावायचाच असेल तर बँकेला काय करावं लागतं, हेही २०१४ च्या नोव्हेंबरपासून लिहून ठेवलेलं आहे. आधी खातेदाराला कळवायचं. रक्कम भरायला एक महिना द्यायचा. कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात दंड घ्यायचा, सरसकट नाही. आणि केवळ या दंडामुळे खातं उणे होता कामा नये. "तुमचं खातं मायनसमध्ये आहे, आधी ते भरा" असं जेव्हा सांगतात, तेव्हा ते कशामुळे मायनसमध्ये गेलं याचा उतारा मागा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडक्या बहिणीचे पहिले ३,००० रुपये जमा झाले आणि ठिकठिकाणी ते जुन्या दंडात वळते झाल्याच्या तक्रारी आल्या. शेवटी सरकारलाच बँकांना तसं करू नका म्हणून सांगावं लागलं. निवडणूक नसती तर कोणी सांगितलं असतं की नाही, हा आमच्या मनातला प्रश्न.

एटीएमबद्दल थोडक्यात. साध्या बचत खात्याला आपल्या बँकेच्या यंत्रावर महिन्याला पाच व्यवहार फुकट, गावाकडे दुसऱ्या बँकेच्या यंत्रावरही पाच. पुढे १ मे २०२५ पासून २३ रुपयांपर्यंत आकार आणि जीएसटी. नुसती शिल्लक बघितली तरी तो एक व्यवहार मोजला जातो. ते मिस्ड कॉलवर बघा. यंत्रात पैसे नव्हते किंवा यंत्र बिघडलं तर तो व्यवहार मोजायचा नसतो. पैसे न निघता खात्यातून कटले तर पाच दिवसांत आपोआप परत आले पाहिजेत, त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची. ही भरपाई कोणी मागत नाही.

अंगठा लावून पैसे देणाऱ्या सेवा केंद्रावर हजाराला दहा-वीस रुपये हातात घेण्याची रीत पडली आहे. केंद्र चालवणाऱ्याला बँक कमिशन देते. त्याने खातेदाराकडून परस्पर पैसे घ्यायचे नाहीत असा नियम आहे. खरं सांगायचं तर इथे आम्ही जरा सबुरीने घेतो. केंद्रवाला पोरगाही आपल्यातलाच असतो, त्याचं कमिशन तुटपुंजं असतं, आणि तो नसेल तर म्हाताऱ्या माणसाला वणीपर्यंत जावं लागेल. त्याला दर विचारा, पावती मागा. पावती मागणारी माणसं वाढली की दर आपोआप खाली येतो, असं आमच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मे महिन्याच्या अखेरीला दोन कपाती होतात, २० रुपयांची अपघात विम्याची आणि ४३६ रुपयांची जीवन विम्याची. दोन्ही सरकारी योजना आहेत, दोन्हींत २ लाखांचं संरक्षण आहे. २० रुपयांवाली ठेवाच, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. उंच बांधकामावर आणि ट्रकवर जाणाऱ्याला तर नक्की. पण एकाच माणसाच्या दोन खात्यांतून हप्ता कटत असेल तर भरपाई एकाच खात्यावर मिळते, दुसरा हप्ता पाण्यात जातो. आणि ज्याने फॉर्मवर सही केलीच नाही त्याच्या खात्यातून तो कटत असेल, तर बँकेला संमतीचा कागद दाखवावा लागतो. कर्जाच्या हप्त्याचं वेगळं. हप्त्याच्या आदल्या दिवशी खात्यात पैसे नसतील तर बँक परतीचा आकार लावते, फायनान्सवाला आपला दंड वेगळा लावतो, आणि वसुलीवाला दारात रोख घेऊनही जातो. रोखीने भरत असाल तर खात्यातून कापायचा आदेश लेखी देऊन रद्द करा.

आपल्यातल्या काही तरुण कार्यकर्त्यांना हे काम पटत नाही, हे आम्ही ऐकून आहोत. त्यांचं म्हणणं, व्यवस्था बदलायची सोडून तुम्ही चार्जेस मोजत बसलात. व्यवस्था या बाईच्या घरात कोणत्या वाटेने शिरते ते तर बघाल? तिच्याकडे शेत नाही, नोकरी नाही, पोथी तिने सोडली आहे. तिच्याकडे आता एक बँक पासबुक आहे, आणि त्यात दर तीन महिन्यांनी कोणीतरी न विचारता हात घालतो. बाबासाहेबांनी चलनाचा अभ्यास केला तेव्हा रुपयाची किंमत पडली की सगळ्यात आधी मजुराच्या ताटातलं कमी होतं, हाच त्यांच्या चिंतेचा विषय होता. आकडे क्षुल्लक समजण्याची चैन त्यांनी कधी केली नाही.

तक्रारीची वाट अशी. आधी शाखेत लेखी अर्ज, तारीख आणि पोहोचेसह: कोणत्या दिवशी, कोणत्या नावाने, किती कटले. बँकेने नाकारलं किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १२ नोव्हेंबर २०२१ पासून यासाठी एकच योजना आहे, फी नाही, वकील लागत नाही. अर्ज ऑनलाइन होतो, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. शाखेत आम्ही एकेकटे जात नाही. मागच्या हिवाळ्यात एकोणीस अर्ज एकाच सकाळी, प्रत्येकाच्या हाताने, ओळीने दिले. घोषणा नाहीत, निवेदन नाही. शाखाधिकाऱ्यांनी पहिले तीन वाचले आणि बाकीचे एकत्र ठेवायला सांगितले. आम्ही नाही म्हटलं, प्रत्येकाला वेगळी पोहोच हवी. एकोणीस शिक्के मारायला त्यांना पाऊण तास लागला.

त्यातल्या अकरा जणांचे पैसे परत आले. सगळ्यात लहान रक्कम ३५ रुपये ४० पैसे होती, एका म्हाताऱ्या मावशीची. पाच अर्जांना बँकेने कारणासह नकार दिला, त्यातल्या दोन ठिकाणी बँकेचं म्हणणं नियमाला धरून होतं आणि ते आम्ही त्या लोकांना तसंच सांगितलं. उरलेली तीन प्रकरणं आणि उत्तरच न आलेले तीन अर्ज लोकपालाकडे गेले आहेत.

पुढच्या रविवारी येताना पासबुक छापून आणा. शाखेतलं यंत्र बंद असेल तर सहा महिन्यांचा उतारा मागा. सोबत आधारचं कार्ड आणि जितकी एटीएम कार्डं घरात असतील तितकी सगळी. आईचं आणि आजीचं पासबुकही आणा.